हत्तीचा दुसरा रिमोट

"पण दातातच का, वस्ताद? खिशात ठेवला तर फ्यूज काय पळून जातो?"

हाताखालच्या दिगंबरनं हे विचारलं तेव्हा वस्ताद धोंडीराम सुतार रंध्याचं पातं दगडावर घासत होते. त्यांनी पातं उलटलं आणि दुसऱ्या बाजूनं घासायला लागले.

"मी तुमास्नीच इचारतोय."

"ऐकलं की."

"मग?"

वस्तादांनी दगडावर पाणी शिंपडलं.

कागलच्या अलीकडं असलेल्या त्या सुतारखान्यात एक रीत होती. मशीनच्या पोटात हात घालायचा, तर आधी दाराजवळच्या बोर्डावरून त्या मशीनचा चिनी मातीचा फ्यूज उपसायचा आणि दातात धरायचा. हात बाहेर येईपर्यंत तो दातातच. वस्तादांच्या वस्तादांनी घातलेली रीत. बघणाऱ्याला वाटावं, कुत्र्यानं हाडूक पळवलंय.

वस्तादांच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती. कुणी विचारलंच तर ते म्हणायचे, "जेवायला गेलीय." फार वर्षं झाली, अजून जेवतेच आहे.

दिगंबरनं ही रीत मोडायचं ठरवलं होतं. कारण त्यानं हत्ती आणला होता.

हत्ती म्हणजे भुसा आणि धूळ ओढणारं मशीन. वर फुगलेली मोठी पिशवी, खाली पंखा, आणि पंख्याच्या तोंडाला जाडजूड नळीची सोंड. हत्ती खिडकीखाली, बोर्ड पार पलीकडं. मग दिगंबरनं रिमोट आणला. रिमोटची डबी त्यानं दिव्याच्या लायनीवर बसवली आणि हत्तीच्या तारेला जोडली. बटण दाबलं की डबीत लाल दिवा लागायचा, आत 'टक्' व्हायचं आणि हत्ती घोंघावायला लागायचा.

पोरगं वेडं झालं. त्यानं हत्ती समोरच्या टपरीवरून चालू करून दाखवला. चहावाल्यानं कौतुक केलं आणि चहाचे पैसे घेतलेच. मग त्यानं तो संडासातून चालू केला. तिथं आपल्याला कुणी पाहिलं नाही, याचं त्याला दिवसभर वाईट वाटत होतं.

"ह्ये बघा वस्ताद," तो म्हणाला, "एवढं चालत जायाचं, फ्यूज उपसायचा, चघळायचा... कशापायी? बटण दाबलं, हत्ती बसला."

"आन् उठला तर?"

"मी दाबल्याबिगर कसा उठंल? माझा हत्ती हाय त्यो."

वस्तादांनी पात्याची धार अंगठ्यावर पाहिली.

"ते ऱ्हाऊ द्या. दसऱ्याला कारखाना माझ्या हातात देताय का, तेवढं बोला."

"हात बघू."

दिगंबरनं दोन्ही हात पुढं केले. उजव्या मनगटात तांब्याचं कडं होतं. वस्तादांनी ते हात आपल्या हातात घेतले. एकेक बोट चाचपलं. बाजारात वांगी चाचपावीत तसं. मग दोन्ही हात अगदी सांभाळून परत केले.

"चांगलं हायेत," ते म्हणाले.

तेवढ्यात हत्तीचा आवाज बदलला. घोंघावणं बसलं, घरघर लागली. सागाच्या साली आणि एक लांब पट्टी सोंडेतून आत जाऊन पंख्यात अडकली होती.

दिगंबरनं ऐटीत बटण दाबलं. हत्ती गप्प झाला.

"बगा. बसला." त्यानं रिमोट वस्तादांच्या पुढ्यात ठेवला. "घ्या, तुमच्यापाशीच ऱ्हाऊ दे. आता तर झालं?"

आणि तो पाना शोधायला मागं गेला. पाना नेहमीप्रमाणे जिथं असायला हवा तिथं नव्हता. तो घेऊन आला, तोवर वस्तादांनी नाकातोंडावर पंचा बांधला होता. सोंड काढली की धूळ उडते, तेव्हा सगळेच बांधतात. दिगंबर बांधत नसे. हत्ती आल्यापासून त्याला धूळ लागतच नसे म्हणे.

त्यानं सोंड सोडवली. ती दोनदा आपटली. भुशाचा ढग उठला आणि खिडकीतून बाहेर निघाला.

मग त्यानं उजवा हात पंख्याच्या तोंडात घातला. मनगटापर्यंत. मग कोपरापर्यंत.

"सापडली पट्टी... येतीय... येतीय..."

आली नाही.

त्यानं हात मागं ओढला. हातही आला नाही. कडं पंख्याच्या पात्यामागं गेलं होतं, आणि पट्टी कड्यावर तिरकी बसली होती.

"वस्ताद, जरा पकड द्या की."

वस्ताद ठोकळ्यावर बसले होते. पंच्यावर नुसते डोळे. त्यांनी पकड दिली नाही. उजवा हात वर केला आणि दोन बोटं दाखवली.

"काय दोन?"

वस्तादांनी समोरच्या रिमोटवर एक बोट ठेवलं. दुसरं बोट तसंच हवेत.

दिगंबर हसला. मग त्याचं हसू अर्ध्यात थांबलं.

खोक्यात रिमोट दोन आले होते.

दुसरा त्यानंच शालनला दिला होता. शालन त्याची बायको. घर कारखान्याच्या मागंच, आणि गच्चीवर तिचे पापड वाळत. भुसा उडाला की पापडांवर बसायचा आणि शालन सगळ्या आळीला ऐकवायची. म्हणून परवाच दिगंबरनं मोठ्या प्रेमानं तिच्या हातात दुसरा रिमोट ठेवला होता. "धूळ दिसली की दाबायचं. मला हाक बी मारायची न्हाई."

त्यानं खिडकीकडं पाहिलं.

ढग निवांत चालला होता. गच्चीकडं.

"वस्ताद," तो हळू म्हणाला. "फ्यूज काढा."

वस्ताद हलले नाहीत.

"वस्ताद... शालन वर हाय. फ्यूज काढा, पाया पडतो."

वस्ताद बघत राहिले. त्या डोळ्यांत राग नव्हता, घाई नव्हती. तेच दिगंबरला सोसेना. इतकी वर्षं ज्या माणसाच्या हाताखाली काढली, तो आज दुसराच कुणीतरी वाटायला लागला. म्हातारा बहिरा झाला? का कारखाना मागितला म्हणून...

त्यानं पाय भिंतीला लावून हात खेचला. कडं मांसात रुतलं. आत पात्याची गार कड मनगटाला लागली. पंखा केसभर सरकला आणि थांबला.

तो पुतळ्यासारखा उभा राहिला.

"शालन!" तो ओरडला. "दाबू नगंस! शालन!"

शेजारी पिठाची गिरणी चालू होती. शालनचा आवाज गिरणी ओलांडून येतो. दिगंबरचा जात नाही. लग्न झाल्यापासून हे असंच आहे.

वरून आवाज आला, "अवो! धूळ आली बगा माज्या पापडांवर!"

"दाबू नगंस!"

"काय म्हंतायसा? काय बी कळंना! ऱ्हावा, मीच दाबते!"

दिगंबरची मान वस्तादांकडं वळली. घाम हनुवटीवरून भुशावर पडत होता. आतली बोटं त्याला एकेक करून जाणवत होती. अंगठा. त्याच्याजवळचं. मधलं. आजवर ती आहेत हे त्याला कधी जाणवलंच नव्हतं.

डबीत लाल दिवा लागला.

टक्.

दिगंबरनं डोळे मिटले.

गिरणी चालू होती. कुठंतरी कोंबडी ओरडत होती. लाल दिवा गेला.

पुन्हा लागला. टक्.

तो मटकन बसायला गेला. पण खाली बसता येत नव्हतं, कारण हात वर होता. तो हातावर टांगल्यासारखा लोंबकळत राहिला.

पुन्हा. टक्.

...

पंखा फिरला नाही.

मग वस्ताद उठले. पकड घेतली. पंख्याच्या तोंडाशी वाकून पट्टी चिमटीत धरली, हलकेच फिरवली आणि काढली. कडं पात्याच्या मागून सोडवलं. दिगंबरचा हात बाहेर आला, भुशानं माखलेला, मनगटावर लाल वळ. त्यानं बोटं मोजली. दुसऱ्यांदा मोजली. एवढा शिकलेला माणूस, पण पाचापर्यंत मोजायला त्याला बराच वेळ लागला.

दारात शालन आली. हातात रिमोट, कपाळावर आठ्या.

"ह्यो मेला तुमचा रिमोट. तीनदा दाबला, हत्ती हलतोय का बगा! कशाला नसत्या वस्तू आणून..." तिनं नवऱ्याचं तोंड पाहिलं. "काय झालं? असं पांढरं का पडलायसा?"

दिगंबरनं तिच्या हातातून रिमोट घेतला. तो त्याला धरवेना. त्यानं तो भुशात ठेवून दिला.

वस्तादांनी पंच्याची गाठ सोडली.

त्यांच्या दातांत फ्यूज होता.

दिगंबरची नजर बोर्डाकडं गेली. हत्तीच्या जागी रिकामी खाच. त्यानं पुन्हा वस्तादांकडं पाहिलं. रडायचं का शिवी द्यायची, हे त्याचं त्याला ठरवता येत नव्हतं.

"मी पाना आणाय गेलो... तवाच काढला हुता?"

वस्तादांनी होय म्हणून मान हलवली.

"म्हंजी पंखा फिरणारच नव्हता?"

मान हलली. नाही.

"तुमास्नी ठावं हुतं... आन् मी हितं मरत हुतो... वस्ताद, एक शब्द! नुसता एक शब्द बोलायचा हुता!"

वस्तादांनी फ्यूज दातांतून काढला. धोतराच्या सोग्याला पुसला. दिगंबरचा उजवा हात ओढून घेतला, उघडला आणि त्याच्या तळव्यावर फ्यूज ठेवला. तो अजून ओलसर होता, ऊनही होता.

"म्हणून तर खिशात ठेवत न्हाई, दिगू."