आवडाआत्याची प्यादेमात

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगरात वर कातळवाडी, खाली भेरलेवाडी, आणि दोघींत झरा एकच. उन्हाळ्यात पाणी आधी कोणी घ्यायचं यावरून डोकी फुटायची. शेवटी जाणत्यांनी तोड काढली: चैत्रात देवळाच्या पारावर बुद्धिबळाचा एक डाव मांडायचा, जिंकेल त्याचं पाणी आधी.

कातळवाडी दरवर्षी हरायची. का? अहो, यांची खोडच तशी! समोर मोहरा दिसला की अख्खा गाव ओरडायचा, "मार, मार!" आणि खेळणारा मारायचा. मारलेल्या मोहऱ्यांचा ढीग यांच्याकडे, आणि मात यांच्यावरच. एका साली गावचे हैबती पाटील चिडून सगळ्यांदेखत बोलून बसले, "पुढच्या साली हरलो तर झरा कायमचा तुमचा!"

मग त्यांची झोप उडाली. पाणी गेलं म्हणजे गाव उठलं. ते गेले आवडाआत्याकडे. ही गडावरच्या हवालदाराची लेक, बापाच्या मांडीवर बसून पट शिकली असं म्हणतात. पाटलांना तिनेच लहानाचं मोठं केलेलं. ती म्हणाली, "खेळते. पण डाव संपेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही."

डाव मांडला. आत्याने एक प्यादं सरकवलं आणि बसून राहिली. भेरलेवाडीचा सुभानजी पटापट चालायचा, ही आपली बसलेली. घोडा आयता मिळत होता, तो तिने घेतला नाही. शेजारी बसलेले पाटील गोंधळले. मग तिने आपला हत्तीच जाऊ दिला.

"आत्या, अगं हत्ती गेला!"

"बघितलं मी. गप्प बस."

पाटलांना काही म्हणता काही कळेना. तेवढ्यात तिने वजीर उचलला आणि सुभानजीच्या उंटापुढे नेऊन ठेवला! ही भेरलेवाडीला फितूर तर नाही? असं मनात आलं म्हणून पाटलांना स्वतःचीच लाज वाटली, पण ते मनातून जाईना. त्या वेळी सूर्य डोंगरावर अडून राहिला आणि झरा वाहायचा थांबला असं म्हणतात. आमच्याकडचे तर शपथेवर सांगतात.

सुभानजी मारत सुटला. मारता मारता त्याचं सगळं सैन्य पटाच्या एका कडेला गेलं, आणि दुसऱ्या कडेला राजा एकटा उरला, आपल्याच प्याद्यांत कोंडलेला. आत्याचे घोडे तिथे टपूनच होते. तिने एक प्यादं एक घर पुढे सरकवलं.

"प्यादेमात."

सगळ्यांत मानाची मात ती! पण कातळवाडीत कोणी ओरडलं नाही, कारण कोणाला कळलंच नव्हतं. आधी कळलं ते सुभानजीला. त्याने उठून आत्याच्या पायांना हात लावला.

पाटील रडवेले होऊन म्हणाले, "वजीर देणार हे आधी सांगायचंस तरी!"

"सांगितलं असतं तर देऊ दिला असतास?"

"पण तुला हे सुचलं कधी?"

"राजाला कुठे गाठायचं ते पहिल्या प्याद्याआधीच ठरलं होतं. वाट मग दिसत गेली."

पाटलांनी मान डोलावली, कळलं काहीच नाही. म्हातारपणीही ते पट मांडून डाव कुठे फिरला ते शोधत बसायचे, आणि त्यांना ते शेवटपर्यंत सापडलं नाही असं म्हणतात.

झरा मात्र राहिला, गाव राहिलं. आजही कातळवाडीत कोणी विचार करत गप्प बसलं, तर त्याला हटकत नाहीत. भर वाटेत बसला असला तरी गुरं वळसा घालून नेतात. मग तो चांगला मिशाळ गडी का असेना, बायाबापड्या पोरांना दटावतात, "शूऽ! आत्या बसलीय."