भिकोबा गुरवाने फुंकलेले शिंग

कासारपिंपळात भैरोबाच्या देवळात दयागीर महाराज मुक्कामाला होते, तेव्हाची ही हकीगत. आमच्या गावची म्हणून सांगताना छाती फुगते, त्याला आमचा इलाज नाही!

गुरवाने शिंग फुंकल्याशिवाय भैरोबाची पालखी जागची हलत नाही, ही आमच्याकडची रीत. हा मान भिकोबा गुरवाच्या घराण्याचा, सात पिढ्यांचा. पण माघात भिकोबाला दम्याने असे गाठले की ओठ काळेनिळे पडले, घरच्यांनी आशा सोडली. महाराज उशाशी बसून पाठीवर हात फिरवीत नाम घेत राहिले, आणि भिकोबा वाचला. पण उठला तो पार खंगलेला! देवळाच्या पायऱ्या चढतानाही मध्येच बसायचा.

महाराजांनी त्याला पपईच्या देठाची नळी दिली. म्हणाले, "वैद्यबुवांचा काढा सोडू नको. आणि रोज तांब्यातल्या पाण्यात हिनं बुडबुडे काढ. हळूहळू. जोर लावायचा नाही, नाम सोडायचं नाही."

भिकोबा ओट्यावर बसून बुडबुडे काढी. गावचे सर्जेराव देशमुख जाता-येता हसत. "काय रं भिकोबा, म्हातारपणी पोरखेळ? तुझा भाता फाटला बाबा! चैत्रात मी शहरातनं वाजंत्री आणतोय. शिंग आता त्याच्याकडं."

भिकोबाच्या काळजाला घरे पडली. शिंगच गेले तर गुरवाने जगायचे कशासाठी?

चैत्री पौर्णिमेला वाजंत्री आला, चांगला आडदांड. गाल फुगवून त्याने जोर लावला, तर शिंगातून नुसतेच फुर्रर! पुन्हा फुंकले, पुन्हा तेच. भोई ताटकळले, ऊन डोक्यावर आले, पालखी उचलेना. सर्जेरावांचे तोंड उतरले.

"भिकोबा, घे शिंग," महाराज म्हणाले.

"महाराज, मधेच श्वास तुटला तर? देवापुढं हसं व्हईल माझं."

"तुटला तर भैरोबा बघंल. बुडबुडे काढतोस तसंच फुंक." महाराजांनी त्याच्या पाठीवर तळवा टेकला.

छातीत घरघर होतीच. भिकोबाने डोळे मिटून शिंग ओठाला लावले. आणि काय सांगू मंडळी! असा सूर घुमला की मळ्यातली मोट थांबली. पालखी उठली, पाराला वळसा घालून आली, तरी सूर तुटला नाही! धडधाकट माणसाला एवढा श्वास पुरत नाही. तो कुणी पुरवला, हे काय सांगायला हवे?

सर्जेराव पागोटे उतरवून महाराजांच्या पायांशी वाकले. महाराज मागे सरले.

"इथं नको. ज्याच्या श्वासाला हसलात, त्याचे पाय धरा."

साऱ्या गावादेखत देशमुख गुरवापुढे वाकले. एरवी देशमुख दिसताच आधी वाकून मुजरा करणारा भिकोबा त्या दिवशी शिंग छातीशी धरून ताठ उभा राहिला.