दाराला चिकटलेला राजा

एका राज्यात, ज्याचं नाव घेतलं की तिथली माणसं अजूनही आपापले हात चाचपून बघतात, म्हणून आपण ते घ्यायला नको, उग्रबाहू नावाचा राजा होता. मातलेला हत्ती सोंडेला धरून खाली बसवावा, रुतलेला रथ एका हाताने उपसून काढावा, असा त्याचा जोर. बळी तो कान पिळी, हे त्या राज्याचं ब्रीद. आणि राजाने इतक्यांचे कान पिळले होते की दरबारात धड कुणाला ऐकूच येत नसे.

त्या राज्याच्या उत्तरेला, कड्याच्या कपारीत, वज्रकेतू मांत्रिकाचं दार होतं. मांत्रिक कधीच मेला, दार मात्र जिवंत होतं. दाराआड सात राजांचं धन होतं, आणि धनावर शाप होता. शाप काही गुपित नव्हता. येईल त्याला दार स्वतःच सांगे, “जोर तुझा, तुलाच परत. ओढशील, दगड होशील.” इतकं स्वच्छ सांगूनही ऐकतील तर ती माणसं कसली! दारापाशी दगड झालेले पहिलवान उभे होते, कुणाचा तळवा दाराला, कुणाचा खांदा.

उग्रबाहू ते पाहून हसला. “यांचा जोर कमी पडला,” म्हणाला, आणि उजवा तळवा लावून त्याने दार ढकललं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दार हललं नाही, तळवा चिकटला. राजाने ओढला, बोटं दगड झाली. हिसडा दिला, मनगट दगड झालं. बुडत्याचा पाय खोलात! अडकलेला हात माणूस ओढतोच हो. जागेपणी ओढतो, झोपेतही ओढतो. आणि दर ओढीला दगड वर चढत होता.

राजाला एकच लेक, वेणुमती. आई लहानपणीच गेलेली, बाप हेच तिचं सगळं गणगोत. राजवैद्याने तिला बाजूला घेऊन सांगितलं, “दगड छातीपर्यंत पोचला की संपलं, राजकन्ये.” त्या वेळी तो कोपराखाली होता. वेणुमतीच्या तोंडचं पाणी पळालं.

दारासमोरच्या खडकात एका टिटवीने अंडी घातली होती. ती वेणुमतीला चिडून म्हणाली, “घसा बसला माझा ओरडून! सांगते, हात लावू नका, तर म्हणतात टिटवी ओरडली, अपशकुन झाला. आजवर एकच जण हात लावून सुखरूप परत गेला. त्याने तळवा ठेवला तर दार कण्हलं. ‘माझं काय काम आत?’ म्हणाला आणि चालू लागला.”

“कोण तो?”

“जोगनाथ वस्ताद. लोण्याची कुस्ती शिकवतो म्हणून तुझ्या बापाने ज्याला हाकलला, तोच.”

तीन रानं ओलांडून वेणुमती नदीकाठच्या त्याच्या तालमीत पोचली. टिटवीही पाठोपाठ आली. अंडी नरावर सोपवून आली होती, आणि त्याच्या नावाने वाटभर बोटं मोडत होती. जोगनाथ म्हातारा, अंगाने काटकुळा. त्या तालमीत नमस्कार नव्हता, मनगटभेट होती. शिष्याने आपलं मनगट वस्तादाच्या मनगटाला टेकवायचं आणि समोरच्याचा भार कुठे आहे ते कळेपर्यंत गप्प उभं राहायचं. वेणुमतीने मनगट टेकवलं. वस्ताद म्हणाला, “तुझा सगळा भार गळ्याशी आलाय, पोरी. कोण अडकलंय?”

तिने सांगितलं. “तुम्हीच चला ना वस्ताद,” तिने हात जोडले.

“मी हात लावला की तुझा बाप अंगभर ताठेल, आणि ताठला की तिथल्या तिथे दगड. तुझं मनगट त्याला परकं नाही. तीन कामं कर. उभी राहा, ऐक, आणि दे.”

पहिलं काम नदीत. ती नदी जादूची. जो ताठ उभा राही त्याला ती फेकून देई. वेणुमतीने गुडघे आवळले, नदीने तिला काठावर आपटलं. दात आवळले, पुन्हा आपटलं. असं होता होता ती इतकी दमली की आवळायला काही उरलंच नाही. गुडघे सैल झाले, खांदे खाली आले, श्वास पोटात उतरला, भार तळव्यांतून वाळूत गेला. नदी तिला वळसा घालून जाऊ लागली. पण वेणुमती घाबरली. “वस्ताद, माझा जोर गेला! हात कापसाचे झाले!”

“गेला तो जोर नव्हता, आवळणं होतं,” वस्ताद म्हणाला.

दुसरं काम टिटवीचं. टिटवी झाडाच्या फांदीवर बसत नाही, तिला सपाट जागा लागते. ती वेणुमतीच्या तळव्यावर उभी राहिली. तिला उडू द्यायचं नाही, पण धरायचंही नाही. उडायला पाखराला आधी पायाने रेटावं लागतं. तो रेटा कळला की हात तेवढाच खाली न्यायचा. पहिल्यांदा टिटवी भुर्रकन उडाली. दुसऱ्यांदा उडाली. मग वेणुमतीने डोळे मिटून त्या बारक्या पायांचं ऐकलं. टिटवीने रेटलं, तळवा खाली गेला. पुन्हा रेटलं, पुन्हा गेला. “अगं सोड मला मेले!” टिटवी किंचाळली. आणि कुणी धरलेलंच नव्हतं.

सुटताच टिटवी दाराकडे जाऊन बातमी घेऊन आली. दगड खांद्यावर चढला होता.

तिसरं काम सोपं दिसणारं. वस्तादाला ढकलायचं. आधी त्याने दोन बोटं तिच्या छातीला लावली, आणि वेणुमती पलीकडच्या करवंदीच्या जाळीत बसलेली होती. “कुणी ढकललं?” तिने विचारलं, कारण तिला खरोखरच कळलं नव्हतं. मग तिने ढकललं. दंड फुगले, मान ताठली. म्हातारा हलला नाही.

“केवढा जोर लावला मी!”

“जाणवला?”

“जाणवला तर!”

“मग राहिला तुझ्याकडेच. दात दुखला की दात आहे हे कळतं ना? तसं ते. जोर जमिनीतून येतो, पायांतून चढतो, कमरेत वळतो, हातातून जातो. खांदा म्हणजे जकातनाका. तिथे अडवलास की वाटतं, काय हा माझा जोर! वाहून गेला तर तुला कळतही नाही, समोरच्याला कळतो.”

वेणुमतीने सगळं केलं. पाय रोवले, कंबर सोडली, खांदे उतरवले. पण हात टेकवला की शंका येई. काहीच तर जाणवत नाही, नसलाच जोर तर? आणि ती खांद्यात डोकावून बघे, आहे का, आहे का. बघितलं की खांदा आवळे. “पेरलेलं बी रोज उकरतेस, पोरी,” वस्ताद म्हणे. तिला रडू येई. समजत होतं आणि जमत नव्हतं, यासारखा दुसरा जाच नाही. या तालमीतली ही जुनीच चूक. जो पहिलं आणि दुसरं काम मन लावून करी, तोच तिसऱ्यात अशी खात्री करायला जाई.

टिटवी धापा टाकत आली. “गळ्याच्या हाडाशी पोचला!”

वेणुमती उठली. वस्ताद म्हणाला, “तिसरं काम राहिलं.”

“तिकडे बाप राहत नाही, वस्ताद,” ती म्हणाली आणि धावत सुटली.

कपारीत राजा राखेच्या रंगाचा झाला होता. उजवा हात खांद्यासकट दगड, श्वास एवढासा. पुढे दार, आणि मागे चार पावलांवर दरी. वेणुमती त्याच्या डाव्या बाजूला, दरीकडे पाठ करून उभी राहिली आणि आपलं मनगट तिने त्याच्या मनगटाला टेकवलं. टेकवताच तिला कळलं. बापाच्या अंगात ओढीशिवाय काही उरलंच नव्हतं. टाचेपासून मानेपर्यंत तो ओढत होता.

“तात, ओढू नका.”

“थांबता येत नाही, वेणू. थांबायला जातो, तेही ओढूनच.”

“मग मला ढकला.”

राजाने तिच्या मागे पाहिलं. “दरी आहे.”

“ठाऊक आहे.”

“माझ्या धक्क्याने हत्ती बसतो, पोरी!”

“ओढू नका म्हटलं तर तुम्हाला जमत नाही. ढकलणं जमेल. जन्मभर तेच तर केलंत.” तिने पाय रोवले. “सगळा लावा. राखून ठेवलात तर तो राखलेलाच ओढत राहील.”

“मला भीती वाटते,” राजा म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते.

“मलाही वाटते, तात.”

दगड गळ्याच्या हाडावरून छातीकडे उतरू लागला. राजाने डावा तळवा लेकीच्या खांद्यावर ठेवला. वेणुमतीने गुडघे सैल केले, भार खाली सोडला, आणि लगेच तिच्या मनात तीच शंका आली. आहे का जोर? बघू का? तेवढ्यात तिची नजर बापाच्या चेहऱ्यावर गेली. तो तिच्या पायांकडे बघत होता. मूल पहिलं पाऊल टाकताना आईबाप बघतात, तसं. गालांवरून पाणी वाहत होतं. त्या चेहऱ्याकडे बघता बघता खांद्यात डोकवायचं ती विसरून गेली. आपण उभं राहायचं, नाहीतर हा माणूस स्वतःला कधी माफ करणार नाही, एवढंच तिच्या मनात उरलं.

आणि काहीच झालं नाही. ना धक्का, ना ताण. तिला वाटलं, बापाचं धैर्य खचलं.

“ढकला ना, तात!” ती रडत ओरडली. “वेळ नाही! ढकला!”

राजा आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. बोटं लाल होती, हलत होती. त्याचा सगळा जोर लेकीतून जमिनीत गेला होता, जमिनीतून लेकीतून त्याच्यात आला होता, आणि त्याच्या उजव्या तळव्यातून निघून गेला होता. त्या तळव्यापुढे वज्रकेतूचं दार सताड उघडं पडलं होतं.

“झालं, वेणू,” तो म्हणाला. “केव्हाच झालं.”

ती मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली.

शाप तुटला. दगडी पहिलवान शिंकत, आळोखेपिळोखे देत जागे झाले आणि आपल्या बायकामुलांना हाका मारू लागले. सात राजांचं धन सात राज्यांना परत गेलं. जोगनाथाला पालखी पाठवली. तो चालतच आला. राजाने सगळ्या दरबारासमोर त्याच्या मनगटाला मनगट टेकवलं आणि खाली मान घालून उभा राहिला. वस्तादाने बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, “उद्यापासून नदीत ये.”

पुढे एकदा वेणुमतीने विचारलं, “तात, मला तर तेव्हा काहीच जाणवलं नाही. तुम्हाला काय जाणवलं?”

राजाने आपल्या उजव्या तळव्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “कुणीतरी मला कडेवर घेतलं, असं वाटलं.”

राज्य सुखाने नांदलं. ज्यांचं कुणी कुठे अडकलं असेल, त्यांचंही असंच सुटो.