पाठीवरची पाखरं

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एक मास्तर राहत होते. त्यांनी आयुष्यात कुणाला पाढे शिकवले नव्हते की कविता पाठ करून घेतल्या नव्हत्या. ते एका फिरत्या नाटक मंडळीचे वेशभूषाकार होते, आणि त्या मंडळीत कापड बेतणाऱ्यालाही मास्तर म्हणण्याची रीत असल्यामुळे तो शब्द त्यांना जन्माचा चिकटला. राजाचा शेला, राक्षसाचे सुळे, अप्सरेचे पंख, सारे त्यांच्याच हातून घडले. पुढे मंडळी बंद पडली, नट पांगले. मास्तर आपली कात्री घेऊन गावी परतले आणि उरलेले दिवस समाधानाने काढू लागले.

त्यांच्याच गल्लीत शलाका नावाची एक तरुण गृहिणी राहत असे. तिने मोठ्या हौसेने विनाइल कापण्याचे एक घरगुती यंत्र घेतले होते. दिसायला शिवणयंत्राएवढे. संगणकावर चित्र काढून द्यावे, की आतले इवलेसे पाते रंगीत विनाइलच्या, म्हणजे एका जातीच्या प्लास्टिकच्या, पातळ पापुद्र्यावर सरसर फिरे आणि ते चित्र नेमके कापून देई. मग नको तो भाग टाचणीने उचकटून काढायचा, उरलेले चित्र कापडावर ठेवायचे आणि वरून गरम इस्त्री दाबायची. कापड निवले की चित्र त्याच्याशी एकजीव झालेले असे. मग धुतले, चोळले, तरी ते सुटत नसे.

शलाकाच्या सासूबाई त्या यंत्राला ‘खेळणं’ म्हणत. “आवर गं तुझं खेळणं, पाहुणे यायचेत,” असे त्या म्हणाल्या की शलाका हसून टेबल रिकामे करी. पण ते हसणे ओठांवरच राही.

एके दिवशी मास्तर दारावरून जाता जाता थबकले. शलाकाने एका सदऱ्यावर छातीपासून पोटापर्यंत भलामोठा सिंह चिकटवला होता. मास्तरांनी तो हातात घेतला, बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाले, “सिंह झकास आहे हो. पण कापडाला श्वास घ्यायला जागाच ठेवली नाहीस. हा घालून माणूस धावला तर सिंहाआधी तोच धापा टाकेल.”

दुसरी एखादी रुसली असती. शलाकाने खुर्ची पुढे केली. “मग शिकवा ना मला.”

तेव्हापासून मास्तर दुपारचे चहाला येऊ लागले. चित्र तुकड्यातुकड्यांनी कसे मांडावे, म्हणजे मधून हवा खेळते. कापड कुठे ताणते आणि कुठे स्वस्थ पडते. लांबून पाहताना कोणता रंग कोणत्या रंगाला गिळून टाकतो. हे सारे तिने त्यांच्याकडून घेतले. मास्तरांनाही त्या यंत्राचा लळा लागला. पाते फिरू लागले की ते कान देऊन ऐकत आणि म्हणत, “आमच्या वेळी हे असतं, तर एका रात्रीत अख्खा दरबार उभा केला असता मी.”

त्या गावात दर हिवाळ्यात एक आगळी शर्यत भरत असे. शाळेच्या मैदानापासून डोंगरावरच्या तलावापर्यंत धावायचे, आणि तेही सोंगे घेऊन! कुणी मावळे होत, कुणी भाज्यांचे ढीग, कुणी ग्रहतारे. धाव सुरू होण्यापूर्वी प्रत्येक चमू व्यासपीठासमोरून चालत जाई. परीक्षक सर्वांत देखणी वेशभूषा निवडत आणि ती बनवणाऱ्याला गावासमक्ष वर बोलावून नारळ-शाल देत.

त्या वर्षी, सकाळी एकत्र फिरायला जाणाऱ्या बायकांनी शर्यतीत उतरायचे ठरवले. त्यांत शलाका होती, आणि भानूताईही होत्या. भानूताई म्हणजे अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, गोलमटोल, सदा हसतमुख बाई. त्या पूर्वीही शर्यतीत उतरल्या होत्या. परंतु तलावाच्या अलीकडे जो खडा चढ लागतो, त्याच्या पहिल्याच वळणावरून त्या दर वेळी माघारी फिरत. “माझा तलाव वळणापाशीच येतो,” असे म्हणून त्या स्वतःच हसत.

सगळ्यांनी मिळून ठरवले, आपण आपल्या डोंगरातली पाखरं व्हायचं. शलाकाने कंबर कसली. कुणाला पिवळाधमक हळद्या, कुणाला नीलपंख, कुणाला तांबट, भानूताईंना टिटवी आणि स्वतःला खंड्या. पंख पसरलेली ती पाखरे तिने पिसापिसांनी रेखली. यंत्र दिवसचे दिवस चालले. टाचणीने फटी मोकळ्या करून करून तिची बोटे हुळहुळली. राखाडी सदऱ्यांच्या छातीवर ती पाखरे कशी दिसतील, या विचाराने तिला झोप येईना. आणि त्या विचाराच्या मागे, कुणाला न सांगितलेला, आणखी एक विचार होता: व्यासपीठावर आपले नाव पुकारले जाईल, आणि पुढच्या रांगेत सासूबाई बसलेल्या असतील.

शर्यतीच्या आदल्या दुपारी कापलेली सगळी पाखरे टेबलावर तयार होती. इस्त्री तेवढी करायची राहिली होती. इतक्यात शर्यतीचे क्रमांक घ्यायला मैदानावर बोलावणे आले. शलाका म्हणाली, “मास्तर, एवढी इस्त्री मारून ठेवाल? तुमच्या हातून तसूभर हलणार नाही.”

“जा तू निर्धास्त,” मास्तर म्हणाले.

ती परतली तेव्हा सदरे दोरीवर ओळीने टांगलेले होते, आणि सगळे कोरे होते. तिला वाटले, मास्तरांना वेळच झाला नसावा. तिने जवळ जाऊन एक सदरा फिरवला आणि ती जागच्या जागी उभी राहिली. खंड्या पाठीवर होता. तिने दुसरा फिरवला, तिसरा फिरवला. एकूण एक पाखरू पाठीवर! छातीवर साधा ठिपकाही नव्हता.

“मास्तर, अहो... हे उलटं झालं!”

“उलटं नाही. विचार करून लावलंय,” मास्तर शांतपणे इस्त्रीची वायर गुंडाळत म्हणाले.

“पण परीक्षक समोरून बघतात! त्यांना काय दिसणार, कोरं राखाडी कापड? आता हे निघायचंही नाही, आणि दुसरं कापायला विनाइलही उरलं नाही.” तिचा आवाज चिरकला. “तुम्ही मला विचारलं का नाहीत?”

मास्तरांनी मान खाली घातली. “विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. हा दोष माझा, तो मी घेतो. पण कारण आत्ता सांगितलं तर ते तुला नुसतं कारण वाटेल. उद्या धाव, आणि मग हवं तेवढं भांड माझ्याशी.”

शलाकाने चहा विचारला नाही, आणि मास्तरही बसले नाहीत. ते गेल्यावर ती कितीतरी वेळ त्या कोऱ्या छात्यांकडे पाहत बसली. वडीलधाऱ्या माणसाला टाकून बोलवत नाही, आणि गिळलेला शब्द पचत नाही, अशी तिची अवस्था झाली.

सकाळी मैदान माणसांनी फुलले होते. बायकांनी सदरे घातले. छातीवर क्रमांकाचे कागद टाचताना भानूताई म्हणाल्या, “बरं झालं बाई. नाहीतर माझ्या टिटवीच्या डोक्यातच टाचणी बसली असती!” सगळ्या हसल्या. शलाकाला हसू आले नाही.

व्यासपीठासमोरून त्यांचा चमू गेला. परीक्षकांनी राखाडी सदऱ्यांकडे पाहिले, भुवया किंचित उंचावल्या आणि नजर मागून येणाऱ्या सोनेरी मुकुटांच्या चमूवर नेली. बक्षीस त्या मुकुटांना मिळाले. शलाकाने टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेकडे पाहण्याचे तिने टाळले.

शिट्टी झाली. रागाच्या भरात शलाका तीरासारखी सुटली. सोबतच्या बायकांना मागे टाकून ती एकटीच पुढे गेली. परंतु रागावर धावलेले माणूस लांब जात नाही. चढ सुरू झाला, छाती भरून आली, पोटऱ्या दगड झाल्या. एकेक मैत्रीण तिला गाठून पुढे निघून गेली. अखेर ती रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. ‘पुरे झालं. इथूनच परत फिरावं,’ असे तिच्या मनात आले. तिने मान वर केली.

वर वळणावळणाने चढत जाणाऱ्या रस्त्यावर पाखरे उडत होती.

मास्तरांनी प्रत्येक पंख अचूक खांद्याच्या फऱ्यावर बसवला होता. धावणारीचा हात मागे गेला की तो पंख मिटे, पुढे गेला की पसरे. कोवळ्या उन्हात हळद्या झळकत होता, त्याच्या पुढे नीलपंख, त्याहून वर एका वळणावर तांबट. आपल्याच हातांनी पिसापिसांनी कापलेली ती चित्रे शलाकाने टेबलावर शंभरदा पाहिली होती. पण ती जिवंत झालेली तिला आत्ता दिसली. परक्या चमूंची माणसेही त्यांच्या मागोमाग पाय उचलत होती. ढबू मिरचीचे सोंग घेतलेला एक घामाघूम गृहस्थ तिच्याजवळून जाताना म्हणाला, “त्या पिवळ्या पाखराला गाठायचंच म्हणून इथवर आलो बघा!”

आणि तेवढ्यात मागून धापा टाकत एक आवाज आला.

“थांबू नकोस गं बाई, थांबू नकोस!”

भानूताई होत्या. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. जे वळण त्यांनी कधी ओलांडले नव्हते, ते त्यांनी केव्हाच मागे टाकले होते.

“तुझा खंड्या थांबला की माझे पाय अडखळतात,” त्या म्हणाल्या. “चढ लागल्यापासून त्याच्यावरच नजर ठेवून आलेय मी. वर बघितलं की चढ दिसतो, छातीत धडकी भरते. त्यापेक्षा म्हटलं, पाखरू बघावं. चल, हल पुढं!”

शलाका वळली आणि पळू लागली. या वेळी सावकाश, एका लयीत, मागच्या पावलांचा आवाज तुटणार नाही एवढ्याच वेगाने. तिला जाणवले, आपले हात आता आपल्यासाठी हलत नाहीत. ते हलले नाहीत तर कुणाचे तरी पाखरू मिटून जाईल. पोटऱ्या दुखतच होत्या, पण परत फिरायचा विचार पुन्हा तिच्या मनाला शिवला नाही.

तलाव आला. भानूताईंनी काठावर बसकण मारली, ओंजळभर पाणी तोंडावर मारले आणि लहान मुलीसारख्या रडू लागल्या. रडता रडता मध्येच म्हणाल्या, “किती मोठा आहे गं हा तलाव! मला कुणी सांगितलंच नव्हतं.”

मास्तर दूधवाल्याच्या गाडीत बसून वर आले होते आणि एका दगडावर ऊन खात होते. शलाका त्यांच्यापाशी जाऊन बसली. मनात योजून ठेवलेले भांडण तिला आता सापडेना.

“बक्षीस गेलं हो मास्तर,” ती म्हणाली.

“गेलं. ते मी घालवलं,” मास्तर म्हणाले. मग त्यांनी सांगितले, “पोरी, मी जन्मभर रंगमंचासाठी शिवलं. तिथं नट प्रेक्षकांकडे पाठ करीत नाही. म्हणून आम्ही काय करायचो, राजाच्या छातीला जरीचं कापड आणि पाठीला गोणपाट लावायचो. त्यात चूक काही नव्हती, तिथला धर्मच तो. पण रस्ता म्हणजे रंगमंच नव्हे. इथं समोरून बघणारा तुला क्षणभर बघतो, टाळी वाजवतो आणि पुढच्याकडे वळतो. तुझ्याकडे सबंध वाटभर बघत असतो, तो तुझ्या मागून येणारा. तो दमलेला असतो, आणि त्याच्या डोळ्यांसमोर तुझी पाठ सोडून दुसरं काही नसतं. मग जे सुंदर आहे, ते त्याच्या वाट्याला जायला नको का?”

पलीकडे भानूताई तलावाकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि श्वासासरशी त्यांच्या पाठीवरची टिटवी हळूहळू वरखाली होत होती. शलाका त्या टिटवीकडे पाहत राहिली. मग तिने पिशवीतून डबा काढला आणि त्यातला मोठा लाडू मास्तरांच्या हातावर ठेवला.

सासूबाई त्या यंत्राला अजूनही खेळणंच म्हणतात. शलाकाला त्याचे आता काही वाटत नाही. लांबलांबच्या गावांहून माणसे शर्यतीचे वेश करून घ्यायला तिच्याकडे येतात. कुणाला वाघ हवा असतो, कुणाला विमान, कुणाला आपले नाव भल्यामोठ्या अक्षरांत. ती सगळ्यांचे ऐकून घेते, आणि संगणक उघडण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते: “धावताना तुमच्या मागं कोण असतं?”

बहुतेकांना ते चटकन आठवत नाही. ती घाई करत नाही. त्यांना आठवेपर्यंत ती चहा टाकते.