चिमटीची अळी आणि पत्र्यावरचा डबा

एक होती चिमटी.
चिमटी म्हणजे कोंबडीचं पिल्लू. एवढंसं! चिमटीत धरलं तर मावेल. म्हणून नाव चिमटी.

चिमटीचं खुराडं होतं परसात. खुराड्याजवळ होता एक निळा डबा. डब्यात गव्हाचा कोंडा. कोंड्यात गाजराची चकती. आणि चकतीखाली?
वळवळ वळवळ! पिवळ्या पिवळ्या अळ्या!

या अळ्या केतकीताईनं पाळल्या होत्या. हो, पाळल्या होत्या! कुणी मांजर पाळतं. कुणी म्हैस पाळतं. केतकीताई अळ्या पाळते. कोंबड्यांच्या खाऊसाठी.
रोज सकाळी ती डबा उघडायची. प्रत्येक पिल्लाला एक अळी. चिमटीलाही एक.
गट्टम्!

पण आज केतकीताईची बस लवकर आली. ताई धावत सुटली. धावता धावता ओरडली, "अण्णा, डब्यातलं पिल्लांना द्या हं!"

अण्णा म्हणजे ताईचे आजोबा. घरात सगळ्यांत मोठे. मिशाही सगळ्यांत मोठ्या.
अण्णांनी डबा उघडला. आत पाहिलं.
"अरे देवा! कोंड्याला कीड लागली!"

कीड लागली की अण्णा काय करतात? उन्हात ठेवतात. गव्हाला कीड, ठेवा उन्हात. तांदळाला कीड, ठेवा उन्हात. डाळीला कीड, ठेवा उन्हात.
अण्णांनी शिडी लावली. काखेत डबा मारला. चढले वर. धप्प धप्प धप्प! डबा ठेवला पत्र्यावर. कडक उन्हात!
आणि खाली उतरून खाटेवर बसले.

डबा वर. अळी वर. चिमटी खाली.
आणि चिमटीच्या पोटात कावळे. काव काव!

चिमटी गेली अण्णांकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"अण्णा, अहो अण्णा! ती कीड नाही. ती माझी अळी आहे. उन्हात वाळेल हो ती! कुरडईसारखी कडक होईल! डबा काढा ना खाली."
अण्णा म्हणाले, "गप गं! अंड्यातून कधी बाहेर आलीस? परवा! आणि मला शिकवतेस?"
"पण अण्णा, डबा..."
"काढतो, काढतो. पण माझा चष्मा कुठाय? चढताना होता, उतरल्यावर नाही. चष्म्याशिवाय मला दोन शिड्या दिसतात. कुठल्या शिडीवर चढू? आधी चष्मा, मग बघू!"

चष्मा कुठे होता?
शेळीच्या नाकावर!

चिमटी गेली शेळीकडे. तुरुतुरु तुरुतुरु. वर पत्रा तापत होता. चट!
शेळी गोठ्यात बसली होती. चष्मा लावून पेपर वाचत होती. एक पान वाचायची, एक पान खायची. वाचायची, खायची.
चिमटी म्हणाली,
"शेळीबाई, चष्मा द्या.
चष्मा अण्णांना, अण्णा काढतील डबा.
डब्यात माझी अळी,
आणि माझ्या पोटात कावळे. काव काव!"

शेळी म्हणाली, "बेंऽऽ! मी वाचतेय, दिसत नाही? शेवटचं पानच सापडेना. सगळी मजा शेवटच्या पानावर असते. आणि चवसुद्धा! आधी शेवटचं पान, मग बघू!"

शेवटचं पान कुठे होतं?
काकूंच्या पापडांखाली!

चिमटी गेली काकूंकडे. तुरुतुरु तुरुतुरु. वर पत्रा तापत होता. चट चट!
केतकीताईच्या काकू ओट्यावर बसल्या होत्या. पेपरच्या पानावर पापड मांडले होते. ओले ओले, गोल गोल.
चिमटी म्हणाली,
"काकू, पान द्या.
पान शेळीला, शेळी देईल चष्मा.
चष्मा अण्णांना, अण्णा काढतील डबा.
डब्यात माझी अळी,
आणि माझ्या पोटात कावळे. काव काव!"

काकू म्हणाल्या, "अगं बाई, पान कसं देऊ? पापड ओले आहेत ना. वाळल्याशिवाय उचलत नसतात."
"मग वाळवा ना पत्र्यावर! तिथे कित्ती ऊन आहे!"
"पत्र्यावर अण्णांचा डबा आहे."
"पत्रा केवढा मोठा आहे, काकू! डबा एवढासाच आहे!"
"हे बघ, मोठ्यांची वस्तू जिथे असते ना, तिथे आपण आपली मांडायची नसते. आपला ओटा बरा. पण ओट्यावर ऊन एकाच जागी येतं, आणि त्या उन्हावर मांजर झोपलंय. आधी ऊन, मग बघू!"

खरंच की! ओट्यावर उन्हाचा एकच चौकोन होता. आणि चौकोनावर होती भुरी मांजर. तिनं ऊन पोटाखाली घेतलं होतं. सगळंच्या सगळं.

चिमटी गेली भुरीकडे. तुरुतुरु तुरुतुरु. पण जरा लांबूनच बोलली. मांजर ती मांजरच!
वर पत्रा तापत होता. चट चट चट!
चिमटी म्हणाली,
"भुरीमावशी, ऊन सोडा.
ऊन पापडांना, पापड सोडतील पान.
पान शेळीला, शेळी देईल चष्मा.
चष्मा अण्णांना, अण्णा काढतील डबा.
डब्यात माझी अळी,
आणि माझ्या पोटात कावळे. काव काव!"

भुरीनं एक डोळा उघडला. "म्याऊं! मला काय हौस आहे का इथे पडायची? सकाळपासून अडकलेय मी. माझं शेपूट बघ कुठे गेलंय."
चिमटीनं पाहिलं. शेपूट ओट्यावरून खाली गेलं होतं. खाली गेलं, पुढे गेलं, आणि म्हशीच्या बुडाखाली गेलं. ओट्याला टेकून म्हैस बसली होती. ऐसपैस!
"मग सांगा की तिला उठायला!"
"मी? मी नाही बाई बोलत तिच्याशी. तिनं बोलायला हवं आधी. आधी शेपूट, मग बघू!"

चिमटी गेली म्हशीकडे. ओट्यावरून उडी. टुण्ण! मग तुरुतुरु तुरुतुरु.
वर पत्रा तापत होता. चट चट चट चट!
चिमटी म्हणाली,
"म्हैसबाई, शेपूट सोडा.
शेपूट मावशीला, मावशी सोडेल ऊन.
ऊन पापडांना, पापड सोडतील पान.
पान शेळीला, शेळी देईल चष्मा.
चष्मा अण्णांना, अण्णा काढतील डबा.
डब्यात माझी अळी,
आणि माझ्या पोटात कावळे. काव काव!"

म्हैस रवंथ करत होती. खर्रम खर्रम. खूप वेळ रवंथ केलं. मग म्हणाली,
"कसलं शेपूट?"
"तुमच्या खाली आहे ते!"
"असेल बाई. माझं काही त्यात लक्ष नाही. माझ्या कानात खाज सुटलीय. खाज सुटली की मला उठवत नाही."
"मी खाजवते ना!"
"तुला पाय किती?"
चिमटीनं मोजले. एक. दोन. संपले.
"दोन."
"दोन पायांनी माझं काय होणार? नखं टोचतील ती वेगळीच. माझ्या कानाला सहा पाय लागतात. बारीक बारीक. गुदगुल्या करणारे. आधी सहा पाय, मग बघू!"

सहा पाय! आता सहा पाय कुठून आणायचे?

चिमटीला रडू आलं. रडू आलं, आणि रागही आला. रागच जास्त आला.
"आधी चष्मा! आधी पान! आधी ऊन! आधी शेपूट! आधी सहा पाय! सगळ्यांचंच आधी! आणि माझी अळी? तिची कुरडई होतेय तिकडे वर!"
तिनं पाय आपटला. टप्प!

पायाजवळ काहीतरी हललं. खुडबुड खुडबुड.
काळं. चकचकीत. उताणं पडलेलं. पाय हवेत हलवणारं.
ती होती भुंगी. अण्णा डबा घेऊन शिडी चढत होते ना, तेव्हा डब्यातून पडली होती. टपकन!

चिमटीनं तिच्याकडे पाहिलं.
पोटातल्या कावळ्यांनीही पाहिलं. काव काव!
चिमटीनं चोच उघडली. आऽऽ!

"थांब थांब!" भुंगी ओरडली. "अगं, मी भुंगी! आधी मीसुद्धा अळीच होते. मग झोपले. उठून बघते तर काय, भुंगी! आता मी अंडी घालणार. अंड्यांतून अळ्या येणार. मला खाल्लंस, तर उद्या काय खाशील? आणि परवा?"

चिमटीनं चोच मिटली.
अळी खायची, भुंगी राखायची. खुराड्यातल्या शेंबड्या पिल्लालाही हे माहीत असतं.
चिमटीनं चोचीनं भुंगीला हळूच पालथं केलं. भुंगी उभी राहिली. चिमटीनं तिचे पाय मोजले.
एक. दोन. तीन. चार. पाच. सहा!

"सहा!!" चिमटी नाचायला लागली. मग एका दमात म्हणाली,
"भुंगीबाई, कान खाजवा.
कान म्हैसबाईंचा, म्हैसबाई सोडतील शेपूट.
शेपूट मावशीला, मावशी सोडेल ऊन.
ऊन पापडांना, पापड सोडतील पान.
पान शेळीला, शेळी देईल चष्मा.
चष्मा अण्णांना, अण्णा काढतील डबा.
डब्यात माझी अळी,
आणि माझ्या पोटात कावळे. काव काव!"

मग चिमटी उभी राहिली. वाट पाहत.
भुंगी म्हणाली, "काय गं? कशाची वाट बघतेस?"
"तुमचं 'आधी' काय ते सांगा ना."
"आधी? आधी काही नाही. चल, कुठाय कान?"

काय सांगू! भुंगी म्हशीच्या पायावर चढली. पायावरून पाठीवर. पाठीवरून मानेवर. मानेवरून कानात.
खुडबुड खुडबुड! खुडबुड खुडबुड!
म्हैस हसली. "फुर्रर्र! अगं नको! फुर्रर्र! अगं अजून!"
हसता हसता उठली. शेपूट सुटलं. सुळ्ळकन!

शेपूट सुटलं, भुरी उठली. आळस दिला. आऽऽव!
भुरी उठली, ऊन सुटलं. उन्हाचा चौकोन चांगलाच तापला होता. मांजरीच्या पोटाखाली होता ना!
काकूंनी पान सरकवलं, पापडांवर ऊन पडलं. पापड वाळले. कुर्रम कुर्रम!
पापड वाळले, पान सुटलं. फर्रर्र!
पान शेळीला मिळालं. शेळीनं वाचलं. "अरेच्चा!" म्हणाली. आणि खाल्लं. मच मच!
शेळीनं चष्मा दिला. थोडा चावलेला होता. चालतंय!

अण्णांनी चष्मा लावला.
"हां! आता एकच शिडी!"
चढले वर. धप्प धप्प धप्प!
"आई गं! पत्रा किती तापलाय! चटका बसतोय!"
"डबा! अण्णा, डबा!" चिमटी खालून ओरडली.
अण्णा उतरले खाली. धप्प धप्प धप्प! डबा ठेवला सावलीत.

चिमटीनं आत डोकावलं.
वरचा कोंडा गरम होता. अळी कुठेच नव्हती. एकही नव्हती!
 
तिनं चोचीनं कोंडा बाजूला केला. उकर उकर उकर. गाजराची चकती दिसली. सुकलेली. चिमटीनं चकती उलटली.
आणि चकतीखाली?
वळवळ वळवळ! सगळ्या अळ्या तिथे! ऊन लागलं तशा खाली खाली गेल्या होत्या. अंधारात. गारव्यात.

"अरे! कीड अजून आहेच की!" अण्णांनी डबा पुन्हा उचलायला हात घातला.
चिमटीनं उडी मारली. टुण्ण! थेट डब्याच्या काठावर.
"अण्णाऽऽ! ही कीड नाही! हा आमचा खाऊ आहे! केतकीताईनं पाळलाय!"
अण्णांनी मिशीवरून हात फिरवला.
"असं होय? मग हे आधी सांगायचं ना!"
"आधी ऐकायचं ना!" चिमटी म्हणाली.

आणि तिनं अळी उचलली. सगळ्यांत जाड, सगळ्यांत लांब, सगळ्यांत वळवळणारी.
गट्टम्!

मग बाकीची पिल्लं आली. तुरुतुरु तुरुतुरु. अण्णांनी चष्मा नीट बसवला, आणि स्वतःच्या हातानं वाटायला लागले. याला एक. त्याला एक. आणि तुला? तुलाही एक.

चिमटीचं पोट भरलं,
गोष्टीचं शेपूट सरलं!