नारळाच्या मापाचा पट्टा

शिवणाच्या टोपलीतल्या वस्तू आपसांत भांडत असत, त्या काळची गोष्ट. मालनबाई तान्ह्या मुलींच्या डोक्याला घालायचे मण्यांचे पट्टे शिवत. त्यांच्या टोपलीत जुन्या दुपट्याची एक चिंधी होती, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. पट्ट्याला आतून अस्तर लावायला ती ठेवली होती. पण मळकट दिसते म्हणून बाई हल्ली तिला हात लावत नसत.

माप बघायला बाईंनी सोललेला नारळ ठेवला होता. एका बारशासाठी केलेला पट्टा त्यांनी त्याच्यावर चढवला, तसा नारळ म्हणाला, "छान बसला. कुठे बोचत नाही."

चिंधीच्या अंगाचा तिळपापड झाला. "अरे, तुला करवंटी आहे. बाळाची टाळू अजून भरली नाही. तेल घालतानासुद्धा आई बोट जपून फिरवते, आणि तिथे हे इलॅस्टिक आवळणार?"

"सैल सोडलं तर मी घसरेन," पट्ट्यात ओवलेलं इलॅस्टिक म्हणालं. "मग बारशाला शोभा कसली?"

बारसं झालं आणि बाळाची आई पट्टा परत घेऊन आली. बारशात बाळ सारखं रडत होतं. भूक लागली असेल म्हणून पाजलं, दृष्ट लागली असेल म्हणून मीठमोहऱ्या ओवाळल्या. पट्टा काढला तेव्हा कुठे ते गप्प झालं. डोक्याभोवती लाल वळ उठला होता.

बाईंनी पट्टा पुन्हा नारळावर चढवला. "बसतोय की नीट," त्या म्हणाल्या.

"मला तर अजूनही बोचत नाही," नारळ म्हणाला.

"माहीत आहे," चिंधी म्हणाली. "म्हणून तर दर वेळी तुलाच विचारतात."