केरबा काकडीचं लोणचं घालतो

एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. बाकी सगळं गाव शहाणं होतं, त्यामुळे गावात करमणुकीची कधी वानवा नव्हती.

केरबा सांगितलेलं ऐकायचा. अगदी शब्दन् शब्द ऐकायचा, आणि सगळा घोळ तिथेच होता. एकदा त्याची बायको शेवंता चुलीवर भात ठेवून पाण्याला गेली. जाताना म्हणाली, भात करपू देऊ नका. केरबाने हंडाभर पाणी चुलीत ओतलं. भात करपला नाही. शिजलाही नाही. शेवंताने कपाळाला हात लावला आणि तडक माहेर गाठलं.

केरबा तिला आणायला गेला. सासरे दौलतमामा ओट्यावरच बसले होते. त्यांनी त्याला पायरीवरच थांबवलं.

"ज्याला चूल सांभाळता येत नाही त्याच्या घरी पोरगी कशी धाडू? परसात काकडी लाव, तिचं लोणचं घाल. बरणी तयार झाली की मी शेवंताला घेऊन येतो. लोणचं जमलं असेल तर ती राहील. नाहीतर परत तिचं नाव काढायचं नाही."

शेवंता दाराआडून बघत होती. तिला काकडीचं लोणचं फार आवडायचं. आणि खोटं कशाला बोला, केरबाही आवडायचा.

इकडे केरबाला घर खायला उठलं. जेवताना तो सवयीने दोन ताटं वाढायचा, आणि दोन्ही एकटाच जेवायचा. दुःखात का होईना, भूक लागतेच माणसाला.

शेजारी हौसाक्का नावाची म्हातारी होती. लोणच्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. तिने केरबाला काकडीचं बी दिलं, बोटाच्या पेराएवढं खोल पेरायला सांगितलं. केरबाने पेरलं. सकाळी उकरून पाहिलं, उगवलंय का. नाही. दुपारी उकरून पाहिलं. नाही. असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी उकरायला बीच उरलं नाही.

हौसाक्काने आणखी मूठभर बी दिलं आणि बजावलं, पेरलेल्याकडे सारखं बघू नये. आपण पाठ फिरवावी, ते आपलं आपण वाढतं.

बरोबर आहे, केरबा म्हणाला. त्याने पाठ फिरवली. वेल उगवले, पानं फुटली. एक दिवस शेजारची शेळी कुंपण मोडून आत आली. केरबा तिथेच होता, पाठ करून उभा. मागून कचर कचर आवाज यायला लागला. वेल वाढताना असाच आवाज करत असतील, असं त्याला वाटलं. दणक्यात वाढताहेत, म्हणून तो खूश झाला. शेळीने अर्धा वाफा साफ केला.

हौसाक्का चिडली. म्हणाली, लेका, परसात कुणी शिरलं तर काठी घ्यायची, आरडाओरडा करायचा आणि हाकलून लावायचं.

बरोबर आहे, केरबा म्हणाला. उरलेले वेल मांडवावर चढले. पिवळीधमक फुलं आली. फुलांवर मधमाश्या आल्या. केरबाने काठी घेतली. तीन दिवस त्याने मधमाश्यांशी युद्ध केलं आणि एकही फुलावर बसू दिली नाही. फुलं सगळी गळून गेली. एक काकडी धरली नाही. केरबाचा डोळा तेवढा सुजून काकडीएवढा झाला.

हौसाक्काने त्याच्या डोळ्याला हळद लावली आणि समजावलं, बाबा रे, माश्या फिरल्याशिवाय काकडी धरत नाही. त्या आपल्या पाहुण्या. आलेल्या पाहुण्याला बसू द्यावं, पोटभर खाऊ द्यावं.

बरोबर आहे, केरबा म्हणाला. पुन्हा फुलं आली, माश्या आल्या, आणि बोटाएवढ्या कोवळ्या काकड्या वेलाला लटकल्या. मग माकडं आली. केरबाने पाट मांडले. तांब्याभर पाणी ठेवलं. एक लेकुरवाळी माकडीण लांब बसली होती, तिला आग्रह करकरून जवळ बोलावलं. माकडांनी सगळ्या काकड्या खाल्ल्या आणि जाताना केरबाची टोपी नेली. केरबा त्यांना वेशीपर्यंत पोचवून आला.

दुसऱ्या दिवशी हौसाक्काने स्वतः मांडवाभोवती बाभळीचे काटे लावले. वेल बिचारे गुणाचे, पुन्हा फळले. केरबाने टोपलीभर काकड्या तोडल्या. हौसाक्काने मीठ, मोहरीची पूड, मिरच्या, लिंबं सगळं काढून दिलं. एक कडू काकडी सगळी बरणी नासवते, तेव्हा चाखून मगच आत टाक, एवढं सांगून ती म्हशीची धार काढायला गेली.

परत येऊन पाहते तर बरणी गच्च भरलेली. प्रत्येक काकडीवर दातांची खूण.

"सगळ्या चाखल्या, अक्का," केरबा म्हणाला. "कडू लागल्या त्या दोनदा चाखल्या."

जावयाचं उष्टं सासऱ्याच्या ताटात कसं वाढायचं? त्या काकड्या शेळीपुढे गेल्या. शेळीचं ते वर्ष फार चांगलं गेलं.

पुढच्या टोपलीला हौसाक्का जवळच बसली. तिने दाखवलं. देठाकडची चकती कापायची. तीच चकती कापल्या जागी गोल गोल घासायची. पांढरा फेस येतो, त्यात कडूपणा निघून जातो. दिसायला कितीही चांगली असो, घासल्याशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही.

बरोबर आहे, केरबा म्हणाला. आणि काय सांगू, या खेपेला त्याने सगळं बरोबर केलं. लोणचं मुरलं. हौसाक्काने एक फोड तोंडात टाकली आणि तिचे डोळे भरून आले. तिने त्याच दिवशी दौलतमामांना निरोप धाडला.

मामा आले. मागे शेवंता, काखेत कपड्यांचं गाठोडं. राहायच्या तयारीनेच आली होती. मामा उंबऱ्यात पाय टाकणार, तोच केरबा सुरी घेऊन आडवा आला.

"मामा, पागोटं काढा आणि वाका."

"कशाला?"

"देठाकडची चकती कापतो. एवढीशीच. मग तीच डोक्यावर घासतो. फेस आला की या आत."

मामांनी जावयाकडे पाहिलं. सुरीकडे पाहिलं. मग साठीचा तो माणूस लेकीचा हात धरून असा पळाला की पागोटं वाटेतच राहिलं. शेवंता वळणापर्यंत मागे वळून बघत होती.

हौसाक्का धावत आली. "अरे मेल्या, दारात आलेली बायको घालवलीस की रे."

केरबाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "मामा कडूच असणार, अक्का. चकतीचं नाव काढताच पळाले. माझी शेवंता नाही तशी." त्याने सदऱ्याच्या बाहीला डोळे पुसले. "आता मीच तिच्या माहेरी जातो. तिची चकती तिथेच कापतो, म्हणजे इथे दारात अडवायला नको."

आणि तो सुरीला धार लावायला बसला.